शब्द कुठे नोकरीला होता?

काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत लखनौहून एक कुटुंब राहायला आलं. त्यांची पाच वर्षांची मुलगी आणि आमच्या शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा दिवसभर जिन्यात खेळायचे. एकदा त्याने तिला विचारलं, "तुझे बाबा कुठेत?" ती म्हणाली, "पापा दफ़्तर में हैं." हा पठ्ठ्या धावत घरी गेला आणि आईला म्हणाला, "आई, तिचे बाबा दप्तरात मावले कसे?"

हा किस्सा सोसायटीत महिनाभर फिरला. खरं तर दोन्ही मुलं बरोबर होती. लखनौचं दफ़्तर म्हणजे कचेरी, आपलं दप्तर म्हणजे शाळेची पिशवी, आणि शब्द एकच. त्याचा माग काढत गेलं तर थेट ग्रीसमध्ये एका कातडं कमावणाऱ्याच्या दारात जाऊन पोचतो आपण. प्राचीन ग्रीक भाषेत 'दिफ्थेरा' म्हणजे कमावलेलं कातडं. हेरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवलंय की आयोनियातले ग्रीक पपायरसच्या पानांनाही 'कातडी'च म्हणत, कारण पूर्वी ते कातड्यावर लिहीत असत. लिहिण्याचं साधन बदललं, नाव जुनंच राहिलं. हा शब्द पूर्वेकडे सरकला तो वही होऊन. अरबीत आजही दफ्तर म्हणजे वही. तुर्कीत देफ्तेर म्हणजेही वहीच. तुर्कांच्या अमलाखाली काही शतकं काढलेल्या ग्रीकांनी आपलाच शब्द 'तेफ्तेरी' असा वेशांतर केलेला परत घेतला, आणि तोही वहीसाठी. हिशोबाच्या वह्या ज्या खोलीत राहतात ती खोलीही मग दफ्तर झाली. फार्सीतून उर्दू-हिंदीत आला तो हा खोलीचा अर्थ.

आपल्याकडे खोलीपेक्षा गठ्ठा महत्त्वाचा ठरला. पेशवे दप्तर म्हणजे पेशवाईच्या कागदांचा साठा. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापून काढले. हे कागद कापडात बांधलेले असतात आणि त्या गाठोड्याला म्हणतात रुमाल. फार्सीत 'रू' म्हणजे चेहरा, 'माल' म्हणजे पुसणारा. मूळचं तोंड पुसायचं फडकं. ते पुण्यात येऊन दोनशे वर्षांचे कागद पोटाशी धरून बसलं. अभिलेखागारातला अभ्यासक "आज दोन रुमाल पाहिले" असं म्हणतो, तेव्हा त्याने दुकानात जाऊन काही खरेदी केलेली नसते. कागद बांधून ठेवायचा तो गठ्ठा असं दप्तर एकदा ठरल्यावर पाटी-पुस्तकं बांधून न्यायची पिशवी दप्तर व्हायला कितीसा वेळ? कचेरीचा अर्थ मराठीत अगदीच गेला असंही नाही. 'दप्तरदिरंगाई' आणि 'दप्तरी दाखल' या जोडशब्दांत तो अजून टिकून आहे, आणि दोन्हींचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे.

जाता जाता एक सांगायला हवं. पिएर ब्रेतोनो या फ्रेंच डॉक्टराने १८२६ मध्ये एका रोगाला याच दिफ्थेरावरून नाव दिलं, कारण त्या रोगात घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो. आपण त्याला घटसर्प म्हणतो, लशीच्या कार्डावर डिप्थेरिया लिहिलेलं असतं. म्हणजे दप्तर पाठीला लागण्याआधी मूल ज्याची लस टोचून घेतं, तो रोग आणि ते दप्तर एकाच कातड्यातून निघालेत.

परका शब्द भेटला की तो मूळचा कुठला हे विचारायची आपल्याला फार हौस. अरबी, फार्सी, संस्कृत, पोर्तुगीज असं उत्तर मिळालं की समाधान होतं. पण दप्तराच्या गोष्टीत गाव कळूनही फारसं हाती लागत नाही. लखनौ आणि पुणे, दोघांनीही शब्द फार्सीतूनच उचलला. फरक पडला तो, शब्द ज्या त्या ठिकाणी कोणाच्या हाताखाली कामाला राहिला, यामुळे. म्हणून मी आताशा शब्दाला त्याची नोकरी विचारतो.

महाराष्ट्रात फार्सी आली ती मुख्यतः कारकुनाच्या हातून. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झालं, पुढे निजामशाही आणि आदिलशाही. गावचा कुलकर्णी लिहीत होता मराठीतच, मोडीत, पण वसुली, तक्रार, निवाडा, नेमणूक यांचे शब्द वरून येत होते. उत्तरेत हेच शब्द कचेरीबरोबर मैफलीत आणि गल्लीतही वावरले, गझलेत बसले, प्रेमपत्रात गेले. आपल्याकडे बहुतेकांनी आयुष्यभर कागदच सांभाळले. हा फरक मनात ठेवला की बऱ्याच गोंधळांची उकल होते.

राजीनाम्याचंच घ्या. माझा एक आत्येभाऊ बदलीवर मध्य प्रदेशात होता. तिथे दोन सहकाऱ्यांचं भांडण पोलिसांपर्यंत गेलं. आठवड्याने कोणीतरी सांगितलं, "दोनों में राज़ीनामा हो गया." हा हळहळला, दोघांच्याही नोकऱ्या गेल्या म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर दोघं एकाच टेबलावर चहा पिताहेत.

अरबीत 'राज़ी' म्हणजे संतुष्ट, कबूल असलेला. 'नामा' हा फार्सी, म्हणजे लेख. राजीनामा म्हणजे संमतीचा लेख. उत्तरेत दोन पक्ष एकमेकांना राजी झाले की तो लिहितात, तो समझोता. आपल्याकडे मात्र राजीनामा एकटाच माणूस देतो. हा फाटा कसा फुटला? मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात याचं उत्तर आहे, असं मला वाटतं. रयतवारी पद्धतीत शेतकऱ्याला जमीन सोडायची असेल तर तो सरकारला लिहून द्यायचा की मी ही जमीन राजीखुशीने सोडतो. तो राजीनामा. आणि नवा माणूस लिहून द्यायचा की मी ही जमीन सारा भरण्याच्या अटीवर पत्करतो. ती कबुलायत. जुन्या सातबाऱ्यांचे आणि फेरफारांचे कागद चाळणाऱ्यांना ही राजीनामा-कबुलायतीची जोडी चांगली ठाऊक असते. जमीन सोडण्याचा कागद तो राजीनामा, मग पद सोडण्याचा कागदही तोच. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फाइल सरकावी तसा शब्द सरकला.

गुजरातीत राजीनामुं म्हणजे पद सोडणं, कन्नडमध्ये राजीनामे म्हणजे तेच, तेलुगू आणि तमिळमध्येही तेच. मल्याळममध्ये तर 'नामा' गळून नुसतं 'राजि' उरलंय. नकाशावर रेघ मारली तर राजीनाम्याने नोकरी सोडणारा पश्चिम आणि दक्षिण भारत एकीकडे येतो, आणि राजीनाम्याने भांडण मिटवणारा उत्तर भारत दुसरीकडे.

उत्तरेत नोकरी सोडण्यासाठी काय लिहितात? इस्तीफ़ा. याचं अरबी मूळ आहे क्षमा मागण्याचं, सूट मागण्याचं. आपल्या 'माफी'चंही मूळ तेच. म्हणजे लखनौचा कारकून जाताना माफी मागतो आणि साताऱ्याचा कारकून जाताना "मी खुशीने चाललोय" असं लिहून देतो. दोन्हीपैकी अधिक खोटं कोणतं हे ज्याने त्याने ठरवावं. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं. ते किती राजी होते हे साऱ्या देशाने पाहिलं, पण कागदाचं नाव राजीनामाच.

आणि राजीनाम्यातल्या 'राज़ी'च्याच अरबी धातूचं आणखी एक लेकरू आपल्या घरात आहे, ते म्हणजे रजा. उर्दूत 'रज़ा' म्हणजे मर्जी, संमती. ईश्वराची रज़ा असते तिथे. मराठी कारकुनाने वरिष्ठाची संमती मागितली ती दोनच कामांसाठी, गावी जायला आणि लग्नाला. मग संमती बाजूला पडली आणि सुट्टीच रजा झाली. गुजराती आणि कन्नड कारकूनही याला अपवाद नाही. चार दिवसांसाठी रजा आणि कायमचा राजीनामा. एकाच धातूने मराठी माणसाची अख्खी नोकरी सांभाळली म्हणायची.

'सही'ची गोष्टही अशीच टेबलावरची. अरबी 'सहीह' म्हणजे बिनचूक, निरोगी. हिंदीतली 'सेहत' तिची सख्खी बहीण. हिंदी माणूस कोणाचं पटलं की "सही है" म्हणतो. मराठीत, गुजरातीत, कन्नडमध्ये सही म्हणजे कागदाखाली केलेली खूण. वरिष्ठाने कागद वाचायचा आणि खाली शेरा मारायचा, 'सही', म्हणजे बरोबर आहे. हा शेरा इतक्या वेळा मारला गेला की शेऱ्याचा अर्थ पुसून गेला आणि मारण्याची कृती तेवढी उरली. आता माणसं मजकूर न वाचता सही करतात, तेव्हा शब्दाचा मूळ हेतू पार उलटा झालेला असतो. हिंदीत सहीला म्हणतात हस्ताक्षर. मराठीत हस्ताक्षर म्हणजे अक्षराचं वळण, ज्यावरून शाळेत हातावर पट्टी बसायची. बँकेच्या फॉर्मवर एकाच रेघेखाली मराठीत 'सही' आणि हिंदीत 'हस्ताक्षर' छापलेलं असतं, आणि दोन्हींपैकी एकही शब्द पलीकडच्या भाषेत तिथे बसत नाही.

मराठ्यांच्या जुन्या पत्रांत अशी सही शोधाल तर फसाल. शिवाजी महाराजांच्या पत्राच्या डोक्यावर मुद्रा असते आणि शेवटी 'मर्यादेयं विराजते' हा छोटा शिक्का. मजकूर इथे संपला, यापुढे कोणी काही घुसडू नये, एवढंच त्याचं काम. अशा शेवटाच्या शिक्क्याला मोर्तब म्हणत. अरबी 'मुरत्तब' म्हणजे नीट लावलेलं, रचलेलं. कागदाखाली 'मोर्तब सुद' असं लिहीत, म्हणजे लावून झालं. आज एखाद्या निर्णयावर शिक्कामोर्तब होतं तेव्हा या दोन वस्तू एकमेकींना चिकटून येतात.

पण सगळ्यांत घरंदाज कुटुंब आहे ते 'खुलासा'चं. अरबीत खुलासा म्हणजे सार, अर्क, सारांश. उर्दूतही तेच. मराठीत मात्र खुलासा मागवतात, आणि तो साहेबाकडून येणाऱ्या नोटिशीच्या उत्तरादाखल तीन दिवसांत सादर करायचा असतो. म्हणजे स्पष्टीकरण. हिंदीत खुलासा म्हणजे भांडाफोड. "घोटाले का बड़ा खुलासा" हे वाक्य हिंदी वाहिन्यांवर तासाला एकदा तरी ऐकू येतं. हिंदी कानाला त्यात 'खुला' हा शब्द ऐकू येतो आणि झाकलेलं उघडं पडल्याचा भास होतो. गंमत म्हणजे ही बदलाची प्रक्रिया आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे. मराठी वाहिन्यांवर हल्ली 'गौप्यस्फोट' कमी आणि 'धक्कादायक खुलासा' जास्त. दहा वर्षांनी एखाद्या शिपायाला "खुलासा द्या" म्हटलं तर तो साहेबाचीच अंडीपिल्ली बाहेर काढायला बसेल.

खुलासाचं मूळ 'ख-ल-स', म्हणजे शुद्ध असणं, मोकळं असणं. त्यातूनच खलास आणि खालिस. आणि त्यातूनच खालसा. मोगल महसुलात जी जमीन कोणा जहागीरदाराला दिलेली नाही, जिचा वसूल मध्ये कोणी न येता थेट बादशाही खजिन्यात जातो, ती खालसा जमीन. गुरू गोविंदसिंगांनी १६९९ च्या बैसाखीला आनंदपूरला खालसा पंथ स्थापन केला, तेव्हा या शब्दात पावित्र्य होतंच, पण थेटपणाही होता. गुरू आणि शीख यांच्यामध्ये वसुलीसाठी बसलेले मसंद त्यांनी दूर केले. जो गुरूचा, तो थेट गुरूचा. पंजाबात या शब्दाने मान ताठ होते.

आता आपलं इतिहासाचं पाठ्यपुस्तक उघडा. 'डलहौसीने संस्थाने खालसा केली.' सातारा १८४८, नागपूर १८५४. मधला राजा काढला, मुलूख थेट कंपनीचा झाला. महसुली कारकुनाच्या दृष्टीने पाहिलं तर शब्द अगदी काटेकोर वापरलाय. पण आपल्या कानाला त्यात राज्य गेल्याचा आवाज येतो. आजही कोणाचं दुकान बुडालं, पद गेलं, की गावात म्हणतात, संस्थान खालसा झालं. महसूलखात्याचा तोच शब्द पंजाबात धर्माचा झेंडा झाला आणि साताऱ्यात सुतक.

तक्ता मांडून असे शब्द लावत बसलो तर लेख संपणार नाही. शिकस्त घ्या. फार्सीत मोडणं, पराभव. हिंदी वर्तमानपत्र लिहितं, "भारत ने ऑस्ट्रेलिया को शिकस्त दी." आपल्याकडे प्रयत्नांची शिकस्त करतात, म्हणजे मोडेपर्यंत ताणतात, आणि मग बहुधा हिंदीतली शिकस्त पदरी येते. फार्सी लिपीच्या मोडक्या, घाईच्या वळणाला शिकस्ता म्हणतात, आणि आपली मोडीही 'मोडणे' यावरूनच, असं एक मत आहे. फितूर घ्या. अरबीत सुस्ती, ढिलाई. हिंदीत डोक्यात शिरलेलं वेड. २०१६ मध्ये 'फितूर' नावाचा हिंदी चित्रपट आला, तेव्हा एखादा किल्लेप्रेमी मराठी माणूस दगाबाज किल्लेदार बघायच्या आशेने गेला असेल तर त्याला काश्मीरमधली प्रेमकहाणी बघावी लागली असेल. आपल्या शिपाईगिरीत ढिला पडलेला माणूस म्हणजे शत्रूला मिळालेला माणूस. आता कोर्टात साक्षीदार फितूर होतात. आणि पगार? पोर्तुगीजमध्ये ते क्रियापद आहे, पैसे देणं. वेतनाला तिथे वेगळे शब्द आहेत. खजिनदाराच्या खिडकीशी रांगेत उभ्या असलेल्या आपल्या कोणा पूर्वजाने कानावर पडलेला तेवढा एक शब्द खिशात टाकून आणला असणार.

'हाल' या शब्दाकडे पाहून मात्र मला आपल्या स्वभावाचं नवल वाटतं. अरबीत हाल म्हणजे स्थिती, चांगली किंवा वाईट. हिंदीत "क्या हाल है?" हा साधा कुशलप्रश्न. मराठीत "हाल झाले" म्हटलं की पुढे पावसात एसटी बंद पडल्याची गोष्ट येणार हे नक्की. हाच प्रकार 'दशा'चा. संस्कृतातली तटस्थ स्थिती मराठीत "काय दशा करून घेतलीस!" इथवर उतरली. स्थिती बरी असेल तर तिच्याबद्दल बोलायचं काय, असं आपल्याला वाटत असावं. सोलापूर, अक्कलकोटकडे कन्नड बोलणारा शेजारी 'हालू' म्हणाला तर त्याला दूध हवं असतं, पण ते द्राविडी घराण्यातलं आहे, अरबी हालाशी त्याची ओळखदेखील नाही. असे योगायोगाने सारखे दिसणारे शब्द गमतीचे असतात, पण त्यांच्या पोटात गोष्ट नसते. इथे मला गोष्ट असलेलेच हवे आहेत.

फार्सीच्या या गर्दीला कंटाळून उपाय करणारा पहिला राजा आपलाच. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि कारभारातल्या फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबीराचा सुमंत. कल्पना थोर. पण संस्कृत शब्दही नोकरीला लागले की बदलतातच. त्या अष्टप्रधानांतला मंत्री राजाची रोजनिशी आणि खासगी व्यवस्था बघायचा. आजचा मंत्री काय बघतो ते आपण बघतो. सचिव तेव्हा राजपत्रांचा मजकूर तपासून शुद्ध करायचा, आज तो मंत्र्याच्या शेजारच्या दालनात बसून मंत्र्यापेक्षा जास्त वर्षं टिकतो.

संस्कृत शब्द सगळ्या भारताला सारखे कळतात, हा समज मला तर फार्सीपेक्षा धोक्याचा वाटतो. फार्सी शब्दाला निदान आपण दबकून असतो, संस्कृत शब्द घरचा म्हणून त्याची झडतीच घेत नाही. 'सर्व शिक्षा अभियान' ही केंद्राची योजना आली आणि तिचं नाव महाराष्ट्रातल्या शाळांच्या भिंतींवरही तसंच रंगवलं गेलं. सर्वांना शिक्षा. मुलांनी त्यावर फारशी शंका घेतली नाही, कारण त्यांच्या अनुभवाशी ते जुळत होतं.

पण ही नुसती चेष्टा नव्हे. शिक्षा हा मूळचा 'शक्' धातूचा वंशज, शक्य व्हावं अशी इच्छा करणं, म्हणून शिकणं. वेदांगांत पहिलं अंग शिक्षा, म्हणजे उच्चारशास्त्र. हिंदी आणि बंगालीने शिकण्याचा अर्थ राखला. मराठीत, आणि कन्नड, तेलुगू, मल्याळममध्येही, शिक्षा म्हणजे दंड. पुन्हा पाहा, राजीनाम्याच्या वेळी मारलेली रेघ जवळजवळ तिथेच पडते. आपण बोलताना उत्तरेकडे तोंड करून उभे असतो, पण शेजार कोणाचा हे अशा वेळी उघड होतं. शिकवण्यातून दंडाकडे जाण्याची वाट मराठीत आजही वाहती आहे. "चांगला धडा शिकवला त्याला" या वाक्यात कोणताही धडा नसतो. "अद्दल घडली" म्हणतानाही आपण शहाणपण आल्याचं सांगतो की मार बसल्याचं? बंगालच्या शाळेत शब्द गुरुजींजवळ राहिला. आपल्याकडे त्याला न्यायाधीशाने बोलावून घेतलं. गुरुजींसाठी मग 'शिक्षण' वेगळं काढावं लागलं.

याची जोड बघा कशी पूर्ण होते. अरबीत शिकवण्याचा शब्द 'तालीम'. उर्दूत तालीम म्हणजे विद्या. कोल्हापुरात तालीम म्हणजे लाल माती, लंगोट आणि पहाटे चार वाजताच्या जोरबैठका. पुण्यातल्या मानाच्या तिसऱ्या गणपतीचं नावच गुरुजी तालीम. नाटकवाल्यांनी हाच शब्द उचलला तो सरावासाठी. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींची 'नई तालीम' जन्माला आली. सेवाग्रामच्या आसपासच्या एखाद्या मराठी शेतकऱ्याने ते नाव ऐकून, बापू आखाडा काढताहेत तर खुराकाची सोय काय, असं विचारलं असलं तर त्याचं काही चुकलं नसतं. शिकवण्याचे दोन शब्द मराठीच्या घरी आले. अरबी होता त्याला आपण आखाड्यात पाठवलं आणि संस्कृत होता त्याला तुरुंगात.

नोकरीच्या मुलाखतीतही अशीच अदलाबदल आहे. अरबीतली साधी भेट, मुलाक़ात, मराठीत उमेदवाराची परीक्षा झाली. हिंदीने त्या परीक्षेला नाव दिलं साक्षात्कार. मराठीत साक्षात्कार होतो तो तुकोबांना, आणि त्यासाठी बायोडेटा लागत नाही. हिंदी कार्यालयात किरकोळ रजेला 'आकस्मिक अवकाश' म्हणतात. अवकाशयानाच्या बातम्या वाचणाऱ्या मराठी माणसाला वाटावं, अर्जदार अचानक पृथ्वी सोडून चाललाय. हिंदी शहरांत यातायात पुलिस असतात. यात म्हणजे गेलेला, आयात म्हणजे आलेला. यातायात म्हणजे ये-जा. मराठीत त्याच ये-जेचा अर्थ झाला त्रास, खस्ता. एखादं काम करून घ्यायला किती खेपा घालाव्या लागतात याची पुरेपूर नोंद त्या एका शब्दाने करून ठेवली आहे. चौकात उभं राहून पाहिलं, तर मराठी अर्थच जास्त सही वाटतो.

कचेरीत न गेलेला, घरातच वाढलेला एक शब्द मला फार आवडतो. अभिमान. हिंदीत याला अहंकाराचा वास आहे. मराठीत तो बहुधा चांगला, भाषेचा, गावाचा, लेकीच्या गुणांचा. बंगालीत अभिमान म्हणजे आपल्या माणसाने आपलं मन ओळखलं नाही म्हणून आलेली रुखरुख, बोलून न दाखवलेला रुसवा. परक्यावर राग येतो. अभिमान फक्त जवळच्या माणसावर. मराठी रुसवा त्याच्या जवळपास जातो, पण रुसवा दिसतो, काढता येतो, त्यासाठी जिलबी आणता येते. बंगाली अभिमान उंबऱ्याच्या आत गप्प बसून राहतो. १९७३ मध्ये हृषिकेश मुखर्जींनी 'अभिमान' काढला. गायक नवरा, त्याच्याहून सरस गाणारी बायको, आणि दोघांमध्ये वाढत गेलेला अबोला. हिंदी प्रेक्षकाला वाटलं, नवऱ्याच्या गर्वाची गोष्ट आहे. मराठी प्रेक्षकाने बायकोचा अभिमान नवऱ्याला का वाटत नाही असं विचारलं असेल. मुखर्जी कलकत्त्याचे. माझी खात्री आहे, त्यांच्या कानात तिसराच अर्थ वाजत होता, आणि जया भादुरीचा चेहरा त्या अर्थाने पाहिला की चित्रपट वेगळा दिसतो.

परवा लखनौवाले शेजारी लिफ्टमध्ये भेटले. मुलगी आता सातवीत आहे, मराठी उत्तम बोलते, आणि 'दप्तर' म्हणते, कारण ती पुस्तकातून शिकली. शेजारचा मुलगा 'बॅग' म्हणतो. सकाळचे अकरा वाजले होते, गृहस्थ पायात चपला, अंगात टीशर्ट आणि पाठीवर सॅक अशा वेशात खालच्या कॉफीच्या दुकानात निघाले होते. मी विचारलं, "आज दफ़्तर नहीं?" त्यांनी पाठीवरची सॅक थोपटली आणि म्हणाले, "इसी में है."

जिन्यातल्या त्या मुलाला हे सांगायला हवं.